तेल घातलेलं फाटक

गंजाला पोटच्या पोरासारखं जपणारा माणूस साऱ्या नेदरलँड्समध्ये एकच असेल आणि तो उइटहॉर्नला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो, हे मी छाती पुढे काढून सांगते. मूळचा स्वीडनचा. माझ्याहून चारच वर्षांनी लहान, पण माझ्या नातीचं ऐकून मला "आज्जी" म्हणतो. अंगात बारा महिने काळे कपडे, पायात मात्र लाल लोकरीचे मोजे. काम संगीताचं, पण पेटी नाही, तबला नाही. पत्रे, साखळ्या, बंद पडायला आलेली यंत्रं यांचे आवाज टिपायचे आणि ते इतके लांबवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण रिकाम्या कारखान्यात एकटेच उभे आहोत. तीस वर्षं हेच चाललंय. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्याच्या तबकड्या मागवतात. माझा मुलगा पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "आई, याचा फ्रीज बिघडलाय का?" खरोखरच तो फ्रीज होता.

लोखंडाची वस्तू दिसली की तो आधी ती बोटाने वाजवतो, मग कान लावतो. बोटीसाठी नदीवरचा पूल उघडला की बाकीचे सायकलवाले घड्याळ बघतात, हा डोळे मिटतो. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्याने भिंतीपलीकडून टिपल्या आणि तिसरी नीट आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण लावायची विनंती केली. मी लावलं.

दोन्ही घरांच्या मागे एक सामाईक लोखंडी फाटक आहे. ते असं करकरायचं की दात शिवशिवत. दिवाळीच्या साफसफाईत मी त्याच्या बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं आणि शेजाऱ्याचंही काम केलं म्हणून खूश झाले. दुपारी तो माइक घेऊन आला. फाटक ढकललं. आवाज नाही. पुन्हा ढकललं. मग तिथेच पायरीवर बसला.

नातीने विचारून सांगितलं, "आज्जी, हिज डॅड इज कमिंग. फर्स्ट टाइम एव्हर!"

त्याच्या वडिलांचे कान लोखंडाच्या कारखान्यात गेले. मुलाच्या एकाही कार्यक्रमाला ते कधी आले नव्हते. "तो आवाज मी जन्मभर ऐकला, आता हौसेने ऐकू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता आठ दिवसांनी हार्लेमच्या जुन्या चर्चमध्ये दुपारच्या कार्यक्रमाला येणार होते. आणि आमचं फाटक हुबेहूब त्या कारखान्याच्या फाटकासारखं वाजायचं. लहानपणी तो तिथे वडिलांची वाट बघत उभा राहायचा.

मला अन्न गोड लागेना. मेतकूट देऊन माफी मागावी म्हणून गावाहून सामानात आणलेलं जातं काढलं. सून म्हणाली, "अहो आई, मिक्सर आहे ना!" मी दळायला बसले आणि मागचं दार वाजलं. तो आत आला, स्वयंपाकघरात पालथा पडला आणि फरशीला कान लावला. मी लाजून थांबले.

"आज्जी, डोन्ट स्टॉप!"

रिकामं जातं फिरवू नये, म्हणून डाळ घालत राहिले. आम्ही दोन महिने मेतकूट खाल्लं.

चर्चमध्ये म्हातारबाबा पहिल्या रांगेत, स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळवा टेकून बसले होते. तेवढंच त्यांचं ऐकणं. माझ्या जात्याची घरघर सुरू झाली, इतकी मोठी की पायाखालची जमीन थरथरली. त्यांनी तळवा शेवटपर्यंत काढला नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला काहीतरी विचारलं. "कुठलं यंत्र आहे हे?" नातीने नंतर शेजाऱ्याला विचारून मला सांगितलं. मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी शालीत तोंड लपवलं, तरी ते काठी टेकत आले, माझा हात उलटा करून घट्टे पाहिले आणि मान डोलावली.

घरी येताना शेजाऱ्याने नातीकरवी सांगितलं, "बरं झालं तेल घातलंत. फाटक त्यांच्या हाताला कळलंच नसतं."

नव्या तबकडीच्या मागे छापलंय, "जातं: शेजारच्या आज्जी". माझी शाळा चौथीत सुटली. छापील कागदावर मी पहिल्यांदाच आले. ती तबकडी मी देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

वडील थकले म्हणून या हिवाळ्यात तो स्वीडनला गेलाय. भिंतीपलीकडे आता काहीच वाजत नाही. पावसाने फाटक पुन्हा गंजायला लागलंय. परवा मुलगा विचारत होता, "आई, तेलाची बाटली कुठे ठेवलीस?"

"संपली," मी म्हटलं. बाटली तांदळाच्या डब्यात आहे. रोज सकाळी मी फाटक एकदा उघडून बघते. अजून पूर्वीसारखं नाही, पण आवाज येतोय.