जिभेची लागण

"म्हण गं, 'काकू, काकडी कापू का?'"

मी म्हटलं, "तातू, तातडी तापू ता?"

हॉलभर हशा. नागपंचमीचा दिवस होता. धारवाडजवळच्या केलगेरीतल्या त्या घरात झोपाळा बांधला होता आणि झोपाळ्याभोवती पाहुण्या बायका बसल्या होत्या. घरच्या बाईसाहेबांचा नवरा मोठ्या सरकारी हुद्द्यावर. माझी आई त्यांच्याकडं भांडी आणि धुणं करायची. मी सात वर्षांची होते.

बाईसाहेबांनी ताटातला एक शेंगांचा लाडू उचलून माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकला. "आता म्हण, कोंबडा कुकूचकू करतो."

मी म्हटलं. आणखी एक लाडू. एका बाईला हसून हसून ठसका लागला. "अय्यय्यो, नको गं, पोट दुखायलंय!" ती म्हणाली आणि लगेच, "अजून एक, अजून एक."

मी खूश होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. ओचा भरला होता. एवढी माणसं माझ्याकडं बघून हसत होती, तेव्हा मला वाटलं मी काहीतरी चांगलं केलंय. मग माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. आई तिथं उभी होती. हात ओले. ती हसत नव्हती. ती माझ्याकडं बघतही नव्हती. फरशीकडं बघत होती.

त्या दिवशी ते लाडू मी खाल्ले नाहीत.

त्या घरात तीन वर्षांचं एक बाळ होतं. महिन्याभरानं ते 'काका'ला 'ताता' म्हणायला लागलं. तीन वर्षांची पुष्कळ मुलं तसं म्हणतात आणि पुढं आपोआप सुधारतात, हे मला आज माहीत आहे. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बाईसाहेबांनी आईला मागच्या दारी बोलावलं. मी शेजारीच उभी होते.

"उद्यापासून येऊ नकोस. हिची जीभ आमच्या बाळाला लागली."

आई म्हणाली, "बाईसाहेब, जीभ कशी लागंल?"

"खरूज लागते तशी."

एवढंच. दार बंद.

आम्ही अळणावरजवळच्या आमच्या गावी परतलो. अप्पा आधीपासून तिथंच लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. आईनं रोज सकाळी वेखंड उगाळून माझ्या जिभेला चोळायला सुरुवात केली. आमच्याकडं त्याला बजे म्हणतात. बोबड्या लेकरांना चोळतात. जीभ पोळायची. मी ओरडले की ती आणखी जोरानं चोळायची. आणि एक दिवस म्हणाली, "दुसऱ्यांच्या लेकरांजवळ बोलू नको गं बाई. उगं आपलं नाव यायला नको."

म्हणजे आईनंही ते खरं मानलं होतं.

मग मीही मानलं. त्याच वर्षी माझा भाऊ जन्मला. पाळण्यात तो हसायचा, हात नाचवायचा. मी तोंडावर हात घट्ट धरून त्याच्याजवळ जायची. त्याला कधी हाक मारली नाही. कधी एक शब्द बोलले नाही. माझी जीभ त्याला लागू नये म्हणून. शाळेत बाईंनी पटावर माझ्या नावापुढं 'मुकी' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. मी मुकी नव्हते. मी स्वतःला लागट समजत होते.

दीड वर्ष असं गेलं.

मग शाळेत एक शिबिर झालं. धारवाडहून एक तरुण बाई आल्या होत्या. बोलण्याच्या दोषांवर उपचार करणाऱ्या. त्यांनी मला चित्रांची कार्डं दाखवली. मी तोंडावर हात धरला. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मराठीत विचारलं. शेवटी मी हाताआडून म्हटलं, "तुम्हाला लादेल." लागेल, म्हणायचं होतं.

त्या हसल्या नाहीत. खुर्ची सोडून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "खोकला लागतो. खरूज लागते. बोलणं लागत नाही. तुला हे कुणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं नाही. पण त्या दिवशी माझ्या आत काहीतरी उभं राहिलं. म्हणजे केलगेरीची ती बाई खोटं बोलली होती. मागच्या दारात उभी राहून, एवढ्या मोठ्या घरातली, एवढी शिकलेली बाई खोटं बोलली होती आणि माझ्या आईचं काम घेऊन गेली होती.

शिबिराच्या बाई पुढं सहा महिने दर शनिवारी आल्या. मला चटईवर उताणी झोपवायच्या, म्हणजे जीभ आपोआप मागं जाते. तोंडात घोटभर पाणी धरून गुळणीचा आवाज करायला लावायच्या. तो आवाज घशाजवळ जिथं होतो, तिथंच क होतो. मग चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक खाली दाबून धरायच्या आणि म्हणायच्या, "आता त म्हण." टोक दाबलेलं असल्यावर त करता येत नाही. जीभ मागं उचलली जाते. पाचव्या शनिवारी माझ्या तोंडातून क निघाला. घरी येऊन मी पाळण्याजवळ गेले आणि भावाच्या कानात पन्नास वेळा क म्हटला.

आज मी तेच काम करते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. फीमाफी देणाऱ्या कॉलेजचे आणि आईच्या गहाण पडलेल्या बुगड्यांचेही नाही. पण उपकार मानते म्हणून बाईसाहेबांना माफही करावं, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

केलगेरीच्या त्या बाईसाहेब मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांचं वाक्य मात्र भेटलं.

विद्यानगरातल्या एका दवाखान्यात मी नोकरी करते. मालक डॉक्टर कान-नाक-घशाचे, बोलण्याचे उपचार माझ्याकडं. दोन वर्षांपूर्वी एक वकील आणि त्यांची बायको साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. सोबत मुलाला सांभाळणारी बाई होती. तिला गंगव्वा म्हणू, खरं नाव वेगळं आहे. अळणावरच्या बाजूचीच. नवराबायको खुर्च्यांवर बसले. गंगव्वा दाराशी उभी राहिली.

मी मूल तपासलं. ऐकणं ठीक. टाळू, जीभ, दात ठीक. क आणि ग नाही, त्याजागी त आणि द. बुद्धी लख्ख. डोळे अगदी माझ्या भावासारखे. मी त्याला मदतनीस मुलीबरोबर खेळण्यांच्या खोलीत पाठवलं.

वकिलीणबाई म्हणाल्या, "हे हिच्यामुळं झालंय. दिवसभर हिच्याजवळ असतो. हिची ती खेड्यातली भाषा. मुलाची जीभ बिघडवली हिनं."

गंगव्वा फरशीकडं बघत होती.

"आमच्या सासूबाईंचा हिच्यावर फार जीव. ऐकतच नाहीत. त्यांना लिहिलेलंच पटतं. तुम्ही रिपोर्टात तेवढी एक ओळ लिहा, म्हणजे हिला काढता येईल."

माझे कान गरम झाले. मी 'एक मिनिट' म्हणून बाहेर गेले आणि आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहून टाक की. वातावरणाचा परिणाम, असं काहीतरी गोलमाल. वकील आहे. चार पेशंट पाठवेल."

मी परत आले. गंगव्वाला विचारलं, "अक्का, मूल तुम्हाला काय हाक मारतं?"

"अत्ता म्हणतंय री."

"आणि तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"अक्का."

मी कार्डं काढली. तिच्यासमोर धरली. "हे म्हणा. हेही." काकडी. कोंबडा. गाडी. खिडकी. तिनं एकेक म्हटलं. कन्नडमध्येही म्हटलं. एकेक क खणखणीत. मी बाईंकडं वळले. "या क म्हणतात. मूल त म्हणतं. तर मूल त यांच्याकडून कसं शिकलं?"

मी तिथं थांबायला हवं होतं. थांबले नाही.

आत आल्यापासून वकीलसाहेबांचं बोलणं मी ऐकत होते. ते र टाळत बोलायचे. टाळता आला नाही की घाईनं गिळायचे. आम्हाला असं ऐकायची सवय असते. घरात कुणाला बोलण्याचा त्रास होता का, हा प्रश्न विचारायचाच असतो. तो मी विचारला होता आणि बाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं? छे!" आता मी तीन कार्डं वकीलसाहेबांसमोर धरली.

"सर, ही तुम्ही म्हणा."

दोरी. रस्ता. घर.

त्यांनी म्हटलं. तिन्ही वेळा र विरघळून ल झाला. त्यांचं तोंड गळ्यापासून लाल होत गेलं. बायको त्यांच्याकडं अशी बघत होती की जणू आजच ऐकतेय.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? हाडापर्यंत आनंद झाला. कोर्टात लोकांची तोंडं बंद करणारा माणूस माझ्यासमोर एका र साठी घामाघूम झाला होता.

रिपोर्टात मी लिहिलं: "नेमकं कारण सांगता येत नाही. सांभाळणाऱ्या बाईच्या बोलीचा याच्याशी संबंध नाही. उपचारांनी सुधारणा अपेक्षित." बापाकडून आलं, असं लिहिलं नाही. जे माहीत नाही ते लिहायचं नाही. माहीत नसताना दोष देणं त्यांचं काम, माझं नव्हे.

ते पुन्हा आले नाहीत. डॉक्टर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मूल दुसरीकडं नेलं, असं कळलं. आणि गंगव्वाचं काम गेलं. कागद असूनही गेलं.

तिचा ठावठिकाणा काढत मी अमरगोळच्या मार्केट यार्डात गेले. मिरचीच्या ढिगापाशी बायका देठं खुडत बसल्या होत्या. तोंडाला पदर बांधलेला. मी तिच्यासमोर बसले, शिंकले, आणि म्हटलं, "अक्का, मी खरं तेच लिहिलं होतं. तरी तुमचं काम गेलं."

"गेलं तर गेलं. इथं हाय की."

"माझा राग नाही ना?"

तिनं हातातली मिरची ढिगात टाकली. "राग हाय. तुम्ही त्यांच्यापुढं माझ्याकडनं ते सगळं म्हणवून घेतलात. कोंबडा, काकडी. मी काय पोपट हाय व्हय?"

शेजारची बाई हसली. "काय गं गंगव्वा, म्हण की, आम्ही बी ऐकतो."

"थोबाड बंद कर गं," गंगव्वा तिला म्हणाली. मग मला म्हणाली, "मला विचारलात का, म्हणतीस का म्हणून? नाही. तुम्हाला त्यांना हाणायचं होतं. काठी मला केलात."

मी माझा सूड घेतला होता आणि त्यासाठी माझ्या आईच्या जागी उभ्या असलेल्या बाईला पुन्हा त्याच झोपाळ्याच्या हॉलमध्ये ओढलं होतं. ते लोक चुकले म्हणून मी बरोबर ठरत नव्हते. मी हात जोडले. तिनं जोडलेल्या हातांकडं बघितलंही नाही. "उठा, मिरची डोळ्यात जाईल," एवढंच म्हणाली.

तिनं मला माफ केलं नाही. करूही नये.

सूड मात्र मी सोडलेला नाही. त्याची रीत तेवढी बदलली.

मागच्या सोमवारी एक कुटुंब आलं. मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडं कामाला एक बाई आहे, तिच्यामुळं..." बाई दाराशीच होती. मी तिला कन्नडमध्ये म्हटलं, "अक्का, तुम्ही बाहेर बसा, पंख्याखाली. मूलही तुमच्याबरोबर बसू दे." ती गेली. मी दार लावलं. केस-पेपर उघडला आणि पेन काढलं.

"आता बोला. वाक्य पूर्ण करा. तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिते, समोर तुमचं नाव. खाली माझं मत लिहीन, तुम्ही चूक आहात असं. मग तुम्ही सही करायची."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याकडं. "तसं काही नाही हो," म्हणाल्या. "सहज बोलले."

"सहज बोललेलंच मी लिहिते."

मी लिहिलं. अवतरणात. एकही शब्द न बदलता. खाली माझं मत. कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि सहीच्या रेघेवर बोट ठेवलं. बोट काढलं नाही. त्यांनी सही केली.

यापुढं माझ्या खोलीत हे वाक्य हवेत विरणार नाही. ज्यानं उच्चारलं, त्याच्या नावावर चढेल. दर वेळी. मी जिथं नोकरी करीन तिथं, आणि नोकरी गेली तर जिथं चटई टाकीन तिथं.