डबा न उघडता

आमच्या ग्रुपचे किस्से लक्षात ठेवायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. हसलेलं माणूस विसरतं, चिडलेलं विसरत नाही! आणि या लोकांनी मला इतक्या वेळा चिडवलंय की डोक्यात नुसता ढीग झालाय. एक किस्सा ओढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात. मग सांगत बसते. सांगितलं नाही तर कुणावर तरी हात उचलला जाईल.

आधी ओळख करून देते. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनच्या मालिका. त्यातल्या पात्रांच्या व्हिनाइलच्या, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या, वीतभर मूर्ती मिळतात, त्या आम्ही जमवतो. आम्ही त्यांना फिगर म्हणतो. बाकीची दुनिया ‘बाहुल्या’ म्हणते आणि वर विचारते, “घरात लहान मूल आहे वाटतं?” म्हणून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच ‘बाहुल्या नव्हेत’ असं आहे. ग्रुपमध्ये माणसं पुष्कळ, पण महिन्यातून एका रविवारी भेटणारे आम्ही चौघंच. बोरिवलीचा पराग, मुलुंडची मानसी, मढचे बस्त्याव अंकल आणि मी, वैशाली. मी मानखुर्दला राहते, अंधेरीला इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम तपासते. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून ऐकून तोंड फटकळ झालंय म्हणते मी. आई म्हणते, जन्मतःच होतं.

छंद एकच, पण चौघांची तोंडं चार दिशांना!

*

पराग म्हणजे डबेवाला. जेवणाचा नव्हे! फिगर ज्या डब्यात येते तो डबा तो कधीच उघडत नाही. कंपनीचं सील तसंच. डब्याला समोर पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते, तिच्यातून बघायचं. हात लावायचा नाही, धूळ पुसायची तीसुद्धा मेकअपच्या मऊ ब्रशने. बोरिवलीच्या टू बीएचकेतली एक अख्खी खोली त्याने या डब्यांना दिलीय आणि घरातला एकुलता एक एसीसुद्धा तिथेच. रात्रंदिवस चालू.

मे महिन्यात आम्ही गेलो तर त्याचे वडील हॉलमध्ये बनियनवर बसलेले. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घेताहेत, घाम निथळतोय. शेजारच्या खोलीत डबे गारेगार!

मी म्हटलं, “पराग, बाबांना आत बसव ना रे. काय हाल होताहेत बघ.”

“अगं, बाबांना सवय आहे गर्मीची,” तो म्हणाला. “व्हिनाइलला नाही!”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबाच मला हळूच म्हणाले, “जाऊ दे गं. तिथे दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर तो ओरडतो.” त्या दिवशी मी त्याच्याकडचा चहा प्यायले नाही. तेवढंच सुचलं.

*

मानसीला वेगळंच खूळ. तिला हवं ते मोठ्ठं डोकं, इवलंसं अंग, काळेभोर डोळे आणि तोंड अजिबात नाही. हो, तोंडच नसतं त्या फिगरना! हिरो असो की हिरॉइन, ओठांच्या जागी सपाट. मला तर बघून गुदमरायला होतं. माणसाला राग आला तर बोलायचं कुठून?

तिची सासू मालवणची. लग्नानंतर पहिल्यांदा तिने ते शेल्फ बघितलं, चष्मा लावून एकेक निरखली आणि म्हणाली, “गो बाय, ह्येंका तोंडच नाय! मगे जेवतत कशी?”

मानसी म्हणाली, “आई, म्हणूनच आवडतात मला. घरात बोलणारी तोंडं पुष्कळ आहेत.”

सासू आठवडाभर बोलली नाही. मानसी सांगते, लग्नानंतरचा सगळ्यात सुखाचा आठवडा तोच.

*

बस्त्याव अंकल साठीचे. फक्त व्हिलन गोळा करतात. शिंगंवाले, सुळेवाले, अर्धा चेहरा जळालेले. सगळे डब्याबाहेर, हॉलमध्ये दर्शनी भिंतीवर. मढला त्यांचा जुना बंगला आहे, तो शूटिंगला भाड्याने जातो.

एकदा एका सिरियलवाल्यांनी घेतला. डायरेक्टर आला, भिंत बघून दचकलाच. म्हणाला, “अंकल, ही भुतं काढायला लागतील. हा आपल्या हिरॉइनच्या सासरचा सेट आहे.”

अंकल शांतपणे म्हणाले, “सासर आहे ना? मग असू दे की!”

मी हा किस्सा मानसीसमोर सांगते तेव्हा ती सगळ्यात जोरात हसते.

*

आता माझं. मी फिगर रंगवते. जुनी, उन्हात पिवळी पडलेली, कुणीतरी टाकून दिलेली फिगर घ्यायची, जुना रंग काढायचा, धुवायची आणि आपल्या मनासारखी नव्याने रंगवायची. आमच्यात हे पाप समजतात. निदान पराग तरी समजतो.

एक फिगर आहे, भालेवाली. मालिकेत ती गाव राखणारी पोरगी असते. दिवसभर उन्हात, डोंगरावर, हातात भाला. आणि कंपनीने रंगवलीय कशी? दुधात बुडवून काढल्यासारखी गोरीपान! मला पहिल्यापासून पटायचं नाही. उन्हात राबणारी बाई अशी असते का? माझी जालन्याची मावशी आयुष्यभर शेतावर राबली. मी भालेवालीला मावशीचा रंग दिला. गडद, तापलेला, गालाच्या हाडावर थोडी तकाकी. केसांना तेल लावल्यासारखी चमक दिली, भुवया जाड केल्या. पंधरवडा रोज ऑफिसहून येऊन बसत होते. झाली तेव्हा आईने हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, “ही तर आपली शांता!”

मावशी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती फिगर माझ्यासाठी काय आहे ते आता वेगळं सांगायला नको.

रविवारी मी ती रुमालात गुंडाळून बोरिवलीला नेली. पराग बघतच राहिला. मला वाटलं, आवडली.

“काळी केलीस?” तो म्हणाला. “चांगल्या फिगरची वाट लावलीस, वैशाली!”

“सावळी नाही, काळीच केलीय,” मी म्हटलं. “तुला काय त्रास आहे?”

“मला काय त्रास? पण ओरिजिनल ते ओरिजिनल ना यार. हे असं कोण शेल्फवर ठेवणार?”

मी म्हटलं, “तू तुझे डबे उघड आधी. प्लास्टिक कोंडून ठेवलं की आतल्या आत त्याला घाम सुटतो, एक दिवस सगळ्या चिकट होऊन बसतील.” तो हसला. म्हणाला, माझ्याकडे एसी आहे.

*

याच्यावर कडी ऐका. दिवाळीनंतर मुलुंडला एका हॉलमध्ये आम्ही छोटं प्रदर्शन भरवलं. प्रत्येकाने आपल्या आवडत्या फिगर ठेवायच्या. मांडामांड परागकडे. मी भालेवाली आदल्या दिवशीच त्याच्याकडे देऊन ठेवली. एवढं एकच मनात होतं की शांतामावशी एक दिवस सगळ्यांच्या बरोबरीने शेल्फवर उभी राहावी. आईला मुद्दाम रिक्षाने घेऊन गेले. ती चांगली साडी नेसली होती.

शेल्फवर भालेवाली नाही. दुसऱ्यावर नाही. शेवटी आईलाच सापडली. बाथरूमच्या दाराशी, पाण्याच्या जारच्या बाजूला, प्लास्टिकच्या टेबलावर! समोर छापील कार्ड: ‘डॅमेज्ड पीस’.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला विचारलं, “काय लिहिलंय गं?”

मी कार्ड उचललं, फाडलं, तुकडे परागच्या शर्टच्या खिशात कोंबले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “लाज वाटू दे!” तो म्हणाला, “अगं, ती कॅटेगरी आहे फक्त.” कॅटेगरी! इतकी वर्षं ही कॅटेगरी कुणाकुणाच्या वाट्याला आली ते याला कोण सांगणार?

मानसी तिथेच उभी होती. ती काहीच बोलली नाही. तोंड नसलेल्या फिगर तिला का आवडतात ते मला त्या दिवशी नीट कळलं.

बस्त्याव अंकल मात्र उठले. मधल्या शेल्फवरून आपले व्हिलन एकेक करून उचलले आणि पाण्याच्या जारपाशी आणून भालेवालीच्या दोन्ही बाजूंना उभे केले. पराग धावत आला, “अंकल, काय करताय?”

“पोरीला सोबत नको?” अंकल म्हणाले, आणि स्वतः खुर्ची घेऊन तिथेच बसले.

मी ग्रुप सोडला. कुणी थांबवलंही नाही.

*

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात पराग! बोरिवलीहून मानखुर्दला, भर उन्हात, छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरून. मी दार लावणारच होते. आई म्हणाली, “उन्हातून आलाय, पाणी तरी दे.”

पाणी प्यायला आणि चादर सोडली. आत डबा. डब्यात भालेवाली. त्याची, ओरिजिनल, सीलबंद. त्याची सगळ्यात पहिली फिगर, पहिल्या पगारातून घेतलेली.

त्याच्या घरचा एसी बिघडला होता आणि मेकॅनिक आठवडाभर आला नव्हता. खिडकीतून बघितलं तर तिच्या कपाळावर तेलकट थेंब, केसांचा काळा रंग ओघळून गालावर आलेला. गोरं तोंड पार डागाळलं होतं.

“तूच करू शकतेस,” तो म्हणाला. डोळ्यात पाणी होतं, खोटं नाही सांगत. “काहीही कर, पण हिला वाचव.”

क्षणभर मला त्याची दया आली. म्हटलं, “ठीक आहे. उघड.”

त्याने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“डबा न उघडता नाही का होणार?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आईसुद्धा. रडतोय, पण सील सोडवत नाही!

“होईल,” मी म्हटलं. “पण एक अट आहे. एसी दुरुस्त झाला की बाबांची खुर्ची त्या खोलीत. कायमची.”

“डन,” तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

त्याला हॉलमध्ये आईबरोबर बसवलं आणि मी आत जाऊन रंग काढले. डोकं नुसतं भडकलं होतं. डबा उघडायचा नाही ना? बरं! मी डब्याच्या खिडकीवरच रंगवायला घेतलं. आतल्या तोंडावर बरोबर बसेल असं पारदर्शक प्लास्टिकवर नवं तोंड. गडद, तापलेलं, जाड भुवयांचं. शांतामावशीचं. मनात म्हटलं, बस आता बोंबलत! त्याचा डबाही गेला आणि गोरेपणाही गेला, आता दोन शब्द तो बोलेल, दहा मी बोलेन. मी तर पदर खोचूनच तयार होते.

डबा त्याच्या हातात दिला. त्याने समोरून बघितलं. बराच वेळ. मग सीलवरून बोट फिरवलं. सील शाबूत होतं.

“थँक्स,” म्हणाला, आणि चादरीत गुंडाळून निघून गेला. माझे दहा शब्द तोंडातच राहिले!

*

महिन्याभराने बस्त्याव अंकल मला ओढूनच बोरिवलीला घेऊन गेले. म्हणाले, “चल, एक गंमत दाखवतो.”

एसी चालू होता. बाबा त्या खोलीत खुर्चीवर, अंगावर शाल. मला बघून म्हणाले, “गारठलो गं बाई!” पण हसत होते.

ग्रुपमध्ये नवा आलेला एक कॉलेजचा प्राध्यापक डबे बघत फिरत होता. मधल्या शेल्फपाशी तो थबकला. तिथे एकच डबा होता, आजूबाजूचे सगळे हलवून जागा केलेली, वर छोटा दिवा लावलेला. तो वाकला, मान तिरकी करून बाजूने बघायला लागला.

“ही भालेवालीच ना? पण हे व्हेरियंट मी कुठेच बघितलं नाही!”

पराग लगबगीने पुढे झाला आणि त्याचा खांदा धरून त्याला मधोमध उभं केलं.

“बाजूने नाही, समोरूनच बघायचं,” तो म्हणाला. “आणि हात नको लावूस हं. फार रेअर आहे. जगात एकच पीस!”