पहिल्या पातळीत चार वेळा

चौथ्या पाळीला खेळायला बसलेल्या मुलीनं गेमचा कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि ओढणीला तळहात पुसले. "सर, आमचा क्लास सुरू होईल," ती म्हणाली. क्लासला अजून वीस मिनिटं होती. ते तिलाही माहीत होतं आणि खोलीतल्या आम्हा सगळ्यांनाही. ती जिना उतरून गेली तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलंय.

मी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. इंटर्नशिप लातूरच्या एका गेम कंपनीत मिळाली होती. कंपनी म्हणजे दोन माणसं आणि एक खोली. वाघमारे सर गेमची रचना आणि चित्रं करायचे, नसीमताई प्रोग्रामिंग करायच्या. खालचे तिन्ही मजले मेडिकल प्रवेशाच्या क्लासचे.

त्यांचा पहिला गेम ‘करडू पळालं’ बऱ्यापैकी चालला होता. हा प्लॅटफॉर्म गेम. म्हणजे पडद्यावर एक पात्र पळतं आणि आपण बटण दाबून त्याला एका टप्प्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला लावतो. चुकलं की खाली पडून मेलं, पुन्हा सुरुवात. चित्रं मुद्दाम जुन्या व्हिडिओ गेमसारखी, मोठ्या चौकोनी ठिपक्यांची. यातलं करडू घरांच्या पत्र्यांवरून पळायचं. सरांचं गाव भूकंपात गेलं होतं, लहानपणीची काही वर्षं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली होती. पत्र्यांच्या रांगा ते न बघता काढायचे.

आता दुसरा भाग तयार होत होता. पुण्याची एक कंपनी तो बाजारात आणायला तयार होती, पण आधी येऊन बघणार होती. तिनं नाही म्हटलं तर खोली सोडायची, हे ठरलेलं होतं.

"तुला कशाला घेतलंय ठाऊक हाय का?" सरांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"टेस्टिंगला, सर."

"बगून बगून आमचे डोळे मेलेत. दोन वर्षं हेच करायलोय. तू कोरा हायेस. पहिल्यांदा खेळताना काय वाटतं तेवढं लिहून दे. हुशारी नको."

त्याला फर्स्ट इंप्रेशन रिपोर्ट म्हणतात. एका पानाचा फॉर्म. काय कळलं नाही, कुठं कंटाळा आला, पहिल्यांदा खेळताना पहिल्या पातळीत किती वेळा मेलात. त्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या त्या कच्च्या प्रतीत, मरणं आपोआप मोजली जात नव्हती. खेळणाऱ्यानंच रेघा मारायच्या. सर निलंग्याला एका लग्नाला निघाले होते. "मी येईस्तोवर कागद टेबलावर ठेव," म्हणाले आणि गेले.

मी गेम सुरू केला. पहिल्या क्षणी तो मला फार सुंदर वाटला. केशरी आकाश, त्याखाली पत्र्यांची रांग, हलगीसारखा भरभर वाजणारा ठेका. मग करडू सुटलं. पहिल्या भागात ते आपल्या उडीची वाट बघत थांबायचं. इथं ते थांबतच नव्हतं. पाय टेकला की अर्ध्या सेकंदात पत्रा कोसळायचा. पुढचा पत्रा दिसेपर्यंत करडू खाली गेलेलं असायचं. भिंतीला घासत वर चढता येतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, गेमनंही नाही. तासाभरात माझ्या वहीत त्र्याहत्तर रेघा झाल्या. पातळी पार झाली नव्हती. अंगठा दुखत होता. वाटलं, ही वस्तू आपल्यासारख्यांसाठी नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशीही असंच वाटलं होतं.

माझे बाबा किनवटकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. बारावीनंतर एक वर्ष मी लातूरलाच क्लास केला. दर रविवारी टेस्ट, सोमवारी मार्कांची यादी भिंतीवर. पहिल्या यादीत मी शेवटून दुसरा होतो. तिथल्या शिक्षकांनी तोच पेपर जमेपर्यंत घरी सोडवायला सांगितला. मी तो अकरा वेळा सोडवला. मेडिकलला नंबर लागला नाही, पण एक सवय लागली. पहिला प्रयत्न कुणाला दाखवायचा नाही.

मी वहीतलं पान फाडून टाकलं. तीन दिवस फक्त पहिली पातळी खेळलो. कुठल्या पत्र्यावर किती मोजून उडी मारायची ते पाढ्यासारखं पाठ केलं. तिसऱ्या दिवशी चार वेळा मेलो आणि पातळी पार झाली. फॉर्मवर चार लिहिलं. खाली लिहिलं, ‘वेग योग्य. सुरुवात सोपी. खूप आवडला.’ प्रश्नात ‘पहिल्यांदा’ असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मनाची समजूत घातली, नीट तयारी करून पहिल्यांदा.

"चारच?" नसीमताईंनी कागद वाचून विचारलं. "इमानानं सांग बरं."

"हो, ताई."

"मी बनवलाय तरी मी लई पडते. तुझी बोटं हायेत का मशीन?"

मला हसू आलं. कुणीतरी मला हुशार म्हणत होतं. ते मला मोडवलं नाही.

सरांना सुरुवातीच्या वेगाची शंका होती. म्हणून एक हळू पातळी त्यांनी तयार ठेवली होती. माझा आकडा बघून त्यांनी ती बाजूला काढली. मधला चेकपॉइंटही काढला. चेकपॉइंट म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा. आता मेलं की थेट पहिल्या पत्र्यावर.

"आमच्या किनवटच्या पोराला सोपा चाललाय, मग पुण्याच्या पोरांना तर झोपच येईल," सर म्हणाले. खुशीत होते. तेव्हाही मी बोलू शकलो असतो.

पुण्याच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "मी खेळत नाही. नव्या माणसांना खेळताना बघते." सरांनी खालच्या क्लासमधून सुट्टीत चार जणांना वर बोलावलं. पहिला मुलगा सहा मिनिटांत उठला. दुसरा म्हणाला, "करडू हाय का रॉकेट?" तिसऱ्यानं पडता पडता विचारलं, "सर, ह्याचे मार्क यादीत लागत न्हाईत ना?" मॅडम हसल्या, सर हसले नाहीत. चौथी ती मुलगी. दुसरी पातळी कुणीही पाहिली नाही.

"चित्रं फार छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण हा गेम कुणी पहिल्यांदा खेळताना तुम्ही पाहिलंत का?"

सरांनी ड्रॉवरमधून माझा कागद काढून दिला. मॅडमनी वाचून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चारच वेळा?"

"तिसऱ्या दिवशी, मॅडम."

"आणि पहिल्या दिवशी?"

"त्र्याहत्तर. पार झाली नव्हती."

नसीमताईंनी लॅपटॉपचं झाकण लावलं.

मॅडम गेल्यावर सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "आता लिही. कुठं कुठं पडलास, काय दिसलं न्हाई. हप्त्याभरात दुरुस्त करून पाठवतो."

मी लिहायला बसलो. या गोष्टीत वर सांगितलंय तेवढंच आठवलं. त्र्याहत्तर हा आकडा आठवत होता, त्र्याहत्तर जागा आठवत नव्हत्या. आठवावं म्हणून गेम सुरू केला, तर बोटं आपोआप चालली आणि करडू दुसऱ्या पातळीत पोचलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"पड की रे," सर मागून म्हणाले.

मी मुद्दाम पडलो. मुद्दाम पडलेलं ओळखू येतं.

"राहू दे," सर म्हणाले.

त्यांनी अंदाजानं दुरुस्त्या केल्या, हळू पातळी सुरुवातीला घातली आणि गेम पाठवला. आठ दिवसांनी पुण्याहून दोन ओळींचा मेल आला. गेम आम्ही पाहिला आहे, पुन्हा पाहणार नाही. मॅडमचंही पहिलं मत होऊन गेलं होतं.

त्या खोलीत आता खालच्या क्लासची मुलं शंका विचारायला बसतात. सर त्याच क्लाससाठी हृदयाची आणि मूत्रपिंडाची हलती चित्रं काढतात. नसीमताई हैदराबादला गेल्या. माझ्या सर्टिफिकेटवर सरांनी ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं. त्यानंतर मला त्यांना फोन करता आला नाही.

या धंद्यात नवख्या माणसाकडे देण्यासारखं एकच असतं, त्याचं अडाणीपण. ते त्याच दिवशी लिहून द्यावं लागतं, सरावानं जातं. ‘करडू पळालं २’ची जुनी प्रत माझ्याकडे आहे. तिची पहिली पातळी मी आता एकदाही न मरता पार करतो. बनवणारे दोघं सोडले, तर ती पार केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.