लाल निकेल

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी परीक्षक म्हणून बसले होते. चुंबकीय तराजूपाशी वैशाली नावाची विद्यार्थिनी काचेची नळी तिसऱ्यांदा भरत होती. नळीत निकेलचं लालभडक संयुग होतं. चुंबक सुरू केला, की शेजारणीचं हिरवं निकेल खाली ओढलं जाई, वजन वाढे. हिचं मात्र दर वेळी किंचित कमीच भरत होतं.

"मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय," ती रडवेली होऊन म्हणाली. वहीत तिने शेजारणीचा आकडा लिहून खोडला होता.

परीक्षेत बोलायला नको होतं, पण राहवलं नाही. "निकेलभोवती कोण कसं बसलंय, ते काढून बघ."

तिने निकेलभोवती नायट्रोजनचे चार अणू एका पातळीत, चौकोनात काढले आणि थबकली. "म्हणजे या मांडणीत निकेलचे एकटे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेत? म्हणून चुंबक ओढत नाही, उलट किंचित ढकलतो?"

मी मान डोलावली. धातू तोच, फक्त शेजार वेगळा. सगळे ज्याकडे ओढले जातात त्याकडे आपण गेलो नाही, तर आपलंच चुकलं असं किती जणांना वाटत राहतं!

वैशालीने डोळे पुसले आणि आपला कमी भरलेला आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला.