रिचार्जवाले चाचा

रिचार्ज मारायला आलेल्या गिऱ्हाइकाला ‘यासाठी माझ्याकडे यायची गरजच नाही’ असं समोर बसवून समजावणारा रिचार्जवाला मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. मूर्तिजापूरच्या स्टेशन रोडवर चाचांचं दुकान होतं. आधी टेप-रेडिओ दुरुस्तीचं, मग मोबाईलचं. गिऱ्हाईक नोट पुढे करायचं आणि चाचा ती तशीच मागे सारायचे. “फोन दे इकडे. पाह्य, इथं दाबाचं, मंग इथं. झालं. आता घरी खाटेवर पडून रिचार्ज मार. एवढ्या उन्हात काहून आला बाप्पा?” गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि पुन्हा यायचं नाही. मी समोरच्या स्टुलावर बसून हे बघत असे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी त्या स्टुलावर काय करत होतो, तर स्टार्टअप. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी धरली, आणि गावाकडच्या लोकांसाठी काहीतरी भव्य करायचं म्हणून नोकरी सोडून परत आलो. आमचं घर माळ्याचं. भाजी आणि फुलं पिकवायची, बाजारात नेऊन विकायची. बाजारात बाबांना कोणी विचारलं, “पोरगं काय करून राहिलं?” तर ते मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत सांगायचे, “ॲप पेरलं हाये. उगवलं का सांगतो.” अशा बापाच्या नजरेसमोर दिवसभर लॅपटॉप उघडून बसणं शक्य नव्हतं, म्हणून मी चाचांच्या दुकानात बसायला लागलो. तिथे निदान नेट तरी जोरात चालायचं.

चाचा मोबाईल दुरुस्ती शिकले ते व्हिडिओ पाहून. बिहारातला कोणी एक माणूस होता. त्याचं तोंड कधी दिसायचं नाही, फक्त दोन हात आणि उघडलेला फोन. चाचा त्याला ‘उस्ताद’ म्हणत. “त्यानं मले एक पैसा नाही मांगितला,” ते सांगायचे. “त्यानं लपवून ठेवलं असतं तं मी आजबी कॅसेटची फीत गुंडाळत बसलो असतो. मंग मी कोन मोठा लपवनारा?” हे त्यांचं इंटरनेटबद्दलचं अख्खं तत्त्वज्ञान. कुणीतरी कुठेतरी बसून फुकट सांगतो, आपण ऐकतो, मग आपणही सांगायचं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं असताना चाचा एका बोटाने टाइप करून राजस्थानातल्या कोण्या अनोळखी माणसाला पंपाचा स्टार्टर का अडकतो ते लिहीत बसलेले असायचे. तो माणूस नंतर ‘थँक्यू अंकल’ लिहायचा. ते चाचा आम्हाला वाचून दाखवायचे.

लिहिण्यापेक्षा त्यांना बोलणं जास्त आवडे, आणि बोलण्यापेक्षा रेकॉर्ड करून पाठवणं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला की मी आधी हातातलं काम बाजूला ठेवायचो. सुरुवात “हां, तर ऐक” अशी. मग मध्येच कोणी चार्जर मागायला यायचं, त्याच्याशी भाव, त्याच्या म्हशीची चौकशी, चहावाल्याला हाक, आणि हे सगळं रेकॉर्ड होत राहायचं. मुद्दा एकदम शेवटी. पुढे ढकलून ऐकावं तर नेमका तोच सुटायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, “चाचा, जरा थोडक्यात बोलत जा न.” त्यावर ‘थोडक्यात का बोलू नये’ या विषयावर त्यांचा एक लांबलचक मेसेज आला.

ज्यातून आमच्या स्टार्टअपची सगळी भानगड सुरू झाली, तो व्हॉट्सॲपचा ग्रुपही चाचांचाच. त्या वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. माणसं दुकानात यायची ती बोंडं रुमालात बांधूनच. चाचांनी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा ग्रुप काढला, अकोल्याचे एक निवृत्त कृषी अधिकारी त्यात घातले. शेतकऱ्यांनी फोटो टाकायचा, साहेबांनी किंवा ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं. आणि चाचा ॲडमिन. तो ग्रुप त्यांनी ज्या जरबेने चालवला तशी जरब मी पुढे कुठल्या कंपनीत पाहिली नाही. गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ टाकणारा तात्काळ बाहेर. त्यांनी स्वतःच्या सख्ख्या साडूलाही असाच काढला. साडूने नंतर पोरीच्या लग्नाला बोलावलं ते एकट्या चाचींना. चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. “बरं झालं. तिथंबी त्यानं गुलाबच देला असता,” म्हणाले.

सगळ्यात मोठा ताप होता तो पायाच्या नियमाचा. कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातल्या रोगाचा फोटो चार ग्रुप फिरून आमच्याकडे आला आणि तो पाहून घाबरून अर्ध्या गावाने उगाच फवारणी केली. त्या दिवशी चाचांनी फर्मान काढलं, की पिकाच्या फोटोत फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा पाय दिसला पाहिजे. पाय नाही तर फोटो नाही. “आलेला फोटो पुढे ढकलनारा पाय कुठून आननार?” झालं. तेव्हापासून ग्रुपवर नुसते पाय. स्लिपर घातलेले, चिखलाने भरलेले, जोडवी घातलेले, एक प्लास्टरमधलाही. काही दिवसांनी तर मला माणसं पायांवरून ओळखू यायला लागली. आमच्या बाबांचा अंगठा मी असाच एकदा वांग्याच्या पानाशेजारी ओळखला.

इकडे दुकान बसत चाललं होतं. नेट स्वस्त झालं, लोक घरूनच रिचार्ज मारायला लागले, आणि अख्ख्या मूर्तिजापुराला ते कसं मारायचं हे शिकवणारा माणूस स्वतः गल्ल्यामागे बसून होता. दुकानाचा मालक भाड्यासाठी नाही, तर जागा मोकळी करून द्या म्हणून चकरा मारायला लागला. एके दुपारी चाचा नमाजला गेले असताना चाची डबा घेऊन आल्या. डबा ठेवून जाईनात. मग मला म्हणाल्या, “बेटा, तेरा वो ॲप चल जाना चाहिए. ये आदमी घर में बैठ गया तो मर जाएगा. इनको रोज चार लोग लगते बोलने को.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ग्रुपचं ॲप करायचं, त्याला कोणाकडून तरी पैसे उभे करायचे, आणि याच दुकानात ऑफिस थाटायचं, असं आमचं ठरलं होतं. ‘हापिस’ हा शब्द उच्चारताना चाचा शर्टाची कॉलर नीट करायचे.

ॲप मी लिहिलं, आणि ते लिहिताना माझे हाल चाचांनी केले. लॉगिन म्हटलं की, “लॉगिन काहून? दुकानात शिरताना मी कोनाले नाव इचारतो का?” हिरवा रंग दिला की, “उन्हात दिसत नाही.” मी मोठ्या हौसेने काढलेलं कापसाच्या बोंडाचं चित्र पाहून म्हणाले, “लसूण कशाले काढला?” आणि वर जो कोणी दुकानात येईल त्याला ते अर्धवट ॲप दाखवून, आतलं सगळं कसं चालतं ते सांगून मोकळे. मी दहा वेळा बजावलं की चाचा, याला धंदा म्हणतात, धंद्यातली गोष्ट सांगायची नसते. ते मान डोलवायचे आणि पुढच्याला सांगायचे.

मग पुण्यात पैसेवाली काही मंडळी आम्हाला भेटायला तयार झाली. चाचांनी ईदचा पांढरा कुर्ता कडक इस्त्री करून घातला. काचेच्या खोलीत मऊ पोत्यांसारख्या खुर्च्या होत्या. चाचांनी त्यात बसायला साफ नकार दिला, “इथून उठाचं कसं ते आधी सांगा,” म्हणाले, आणि शेवटपर्यंत उभे राहिले. मी पडद्यावर ॲप दाखवलं. मंडळी पाय बघून आधी हसली, मग कारण ऐकून एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या मनात लाडू फुटले. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्याने विचारलं, “उद्या दुसऱ्या कोणी हेच काढलं, तर तुम्ही त्याला कसं अडवणार?”

या प्रश्नाचं उत्तर मी आरशासमोर घोटून आलो होतो. मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले. “अडवाचं काहून? काढू द्या न. लय कामाची गोष्ट हाये. थांबा, कसं कराचं ते सांगतो तुमाले.” आणि त्यांनी सांगितलं. पाय का, हे सांगितलं. शेतकरी टाइप करत नाही, त्याला बोलू द्या, हे सांगितलं. फोटो येतात ते दुपारी माणसं झाडाखाली भाकर खायला बसतात तेव्हा, त्या वेळी उत्तर देणारा जागेवर पाहिजे, हे सांगितलं. ग्रुप चालवून जे जे कळलं होतं ते सगळं त्या खोलीत ओतलं. मी खोकलो. चाचांनी थांबून कोणालातरी मला पाणी द्यायला सांगितलं आणि पुढे सुरू झाले. चष्मेवाला लिहून घेत होता.

परतीच्या गाडीत ते भलतेच खुशीत होते. “पोरं हुशार हायेत. एकदा सांगितलं न समजलं,” असं त्यांनी डब्यातल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं. मी भुसावळपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. भुसावळला त्यांनी माझ्यासाठी केळी घेतली. ती मी खाल्ली, पण बोललो तरी नाहीच.

पुण्याहून ‘कळवतो’ असा निरोप आला आणि कोणी काही कळवलं नाही. पुढच्या हंगामात एक नवं ॲप आलं. बोलून विचारायचं, दुपारी उत्तर मिळायचं, फोटोत पाय मागायचं. नाव वेगळं, बाकी सगळं आमचं. मी फोन मुठीत घेऊन तरातरा दुकानात गेलो. चाचांपुढे शेजारच्या कुरुम गावाहून आलेले एक आजोबा बसले होते, आणि चाचा त्यांच्या फोनमध्ये तेच ॲप घालून देत होते.

“चाचा, हे आपलं होतं.”

“हो न. चांगलं बनवलं त्यायनं. आपल्यापेक्षा लवकर उघडते.”

“तुमचं दुकान बंद होऊन राहिलं, चाचा. समजते का तुमाले?”

त्यांनी मान वर केली नाही. “थांब, याचं होऊ दे,” म्हणाले. आणि आजोबांना, “हां, आता आपला पाय इथं असा ठेवाचा, बाबा.” मला त्या क्षणी तो काचेचा काउंटर फोडावासा वाटला होता, हे मी आजही कोणाला हसत सांगू शकत नाही. मी पुन्हा पुण्यात नोकरी धरली. बाबा बाजारात काय सांगायला लागले ते मी विचारलं नाही.

दुकान त्यानंतर लवकरच गेलं. शटरवर चाचांनी ‘दुकान बंद आहे’ अशी पाटी लावायला हवी होती. त्यांनी लावला एक मोठा कागद, घरच्या घरी रिचार्ज कसा मारावा त्याच्या सूचना, मराठीत आणि हिंदीत, आकृतीसकट. कोणाची चक्कर वाया जाऊ नये म्हणून. आता तिथे मोमो विकतात.

चाचा-चाची अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. दिवाळीला गावी आलो तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. बारीक झाले होते. चाचींनी चहा देताना डोळ्यांनीच मला चाचांकडे बघायला सांगितलं. माझ्या नोकरीची चौकशी झाली, बाबांची झाली, आणि मग चाचा रिकाम्या कपाचा कान चोळत बसले. तेवढ्यात चाचांच्या फोनवर नेटपॅक संपल्याचा मेसेज आला. ते चप्पल घालून उठले. “चाल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.”

कोपऱ्यावर एक चिंचोळं मोबाईलचं दुकान होतं. आत चाळिशीचा एक माणूस एकटाच बसला होता. चाचांनी खिशातून नोट काढली. माझं डोकंच फिरलं. “चाचा, फोन द्या इकडे, मी इथूनच मारून देतो. अख्ख्या मूर्तिजापुराले...” त्यांनी माझं मनगट दाबलं. “त्याचं दुकान हाये,” एवढंच म्हणाले, तेही हळू.

दुकानदाराने नंबर विचारला नाही. त्याला पाठ होता. रिचार्ज मारता मारता तो म्हणाला, “बरं हाये, तुमी येता चाचा. नाही तं आता कोन येते? सारे घरूनच मारून राहिले. कोनं शिकवलं लोकायले, देव जाने.”

मी चाचांकडे बघितलं. राजस्थानातल्या अनोळखी माणसाला उत्तर देणारे, पुण्याच्या खोलीत न विचारलेलंही सांगणारे चाचा आता काहीतरी बोलतील म्हणून मी थांबलो. ते भिंतीवर टांगलेली मोबाईलची कव्हरं बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस जरा गप्प बसावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत आलो होतो, आणि तो गप्प बसला तर मला ते सोसवेना.

मी पाकीट काढलं आणि त्या दुकानदाराला म्हटलं, “माझाबी मारून द्या.”