अर्धा राहिलेला अर्ज

सुधाकरदादा महाडच्या आमच्या ऑफिसात शिरले की छत्री टेकवायच्या आधी कॉम्प्युटर लावत. एक पान उघडत, त्यात काहीच लिहीत नसत, ते खाली सारून कामाला लागत. संध्याकाळी निघताना सगळ्यात शेवटी तेच बंद करत. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या पायथ्याच्या वाडीत ते एकटेच राहत. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरी जायची घाई त्यांना कधीच नसे.

आम्ही संस्थांसाठी ऑनलाइन अर्जांच्या वेबसाइट बनवतो. अर्ज भरणारा कोण, कुठवर आला, हे सर्व्हर लक्षात ठेवतो. त्याला सेशन म्हणतात. बाकीचे लोक ते थोड्या वेळात पुसून टाकतात. दादांनी मात्र ते महिनोन्‌महिने साठवायची सोय केली होती. मी नवी, त्यात फटकळ. म्हटलं, "दादा, एवढी अडगळ कशाला?"

"आमच्या वाडीत रेंज गेली की अर्ज अर्धाच ऱ्हातो. रेंज गेली म्हणजे माणूस गेला असं नाय गो. जागा धरून ठेवायची त्याची."

कुलपाचा नियमही त्यांचाच. कुणी अर्ज उघडून बसलं असेल तर त्याचं सेशन कुलूपबंद. ते दुसऱ्या कुणाला बदलता येत नाही की पुसता येत नाही. मी जुनं पुसायला घेतलं की एक सेशन दर वेळी हमखास अडकायचं. वैतागून विचारलं, तर म्हणाले, "असूं दे. एकानं काय सर्व्हर बुडत नाय." मला वाटलं, दादांनीच कुठेतरी घोळ घातलाय आणि कबूल करत नाहीत.

एकदा रस्त्यावर दरड आली आणि दादांची एसटी अडकली. इकडे सर्व्हर भरलेला, साहेब फोनवर ओरडत होते. मुदत संपलेल्या नोकरभरत्यांचे अर्धवट राहिलेले अर्ज मी पुसायला घेतले. आणि काय आश्चर्य, एकही अडकला नाही! स्वतःवरच खूश होऊन मी चहा मागवला.

दादा अकराला आले. पान उघडलं. कोरं. पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज साफसफाई केलीस काय?"

ते पान म्हणजे त्यांच्या बायकोचा अर्ज होता. बालवाडीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, म्हणून तिने आमच्याच साइटवर मोबाइलवरून भरायला घेतलेला. त्याच दुपारी ती शेतात कोसळली, ती उठलीच नाही. दादा रोज तिच्या पासवर्डने तो उघडून ठेवत, म्हणजे दिवसभर त्याला कुलूप राही. अर्ध्या अर्जांचा बॅकअप आम्ही घेत नसू.

मी मूर्खासारखं विचारलं, "दादा, प्रिंट का नाही काढून ठेवलीत?"

"काढली असती तर नुसता कागद झाला असता. हितं ती अजून भरत होती."

मी ढसाढसा रडले. दादांनीच उठून मला पाणी आणून दिलं. "तुझी चूक नाय. मी सांगायला हवं व्हतं," म्हणाले.

ग्लास खाली ठेवून मी विचारलं, "काय लिहिलं होतं वहिनींनी?"

"नाव. माहेर तुडील. बारावी पास. मग 'स्वतःविषयी चार ओळी लिहा' असं व्हतं. तिनं लिवलं, मला मुलांना गोष्टी सांगायला आवडतात. त्याच्या पुढं नुसतं 'मी'."

"मग?"

"मग भाकऱ्या करायला उठली. बाकीचं संध्याकाळी भरते म्हणाली."