भोवऱ्याची घोडी आणि तिची मालकीण

मी लिहायला बसावे हे धारिष्ट्यच आहे, आणि त्याबद्दल वाचकांची आधीच माफी मागून ठेवतो. व्यवसायाने मी वकील. पण न्यायालयात उभे राहून बोलण्याचे प्रसंग मी आयुष्यभर टाळत आलो. खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे यांचे मसुदे करणे एवढेच माझे लेखन. त्यामुळे पत्नीच्या आठवणी लिहाव्यात म्हणून पहिल्यांदा कागद पुढे ओढला, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘सदर मयत’ असे शब्द उतरले. ते मी खोडले. दुसऱ्या ओळीत ‘उक्त घोडी’ आली. तीही खोडली. आता जमेल तसे लिहितो.

माझी पत्नी निपाणीकडच्या एका खेड्यातली. वडिलांची तंबाखूची शेती. पण त्यांचा सगळा जीव घोड्यांत. जत्रेतल्या शर्यतींसाठी त्यांच्या दावणीला घोडे असत आणि ही त्यांच्यातच वाढली. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा चहाचा कप हातात धरून फरशीकडे पाहत बसलो होतो. तिनेही माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, याचे मला फार बरे वाटले. आपल्यासारखीच लाजाळू दिसते, असे मी समजलो. लग्नानंतर खुलासा झाला.

“मी पाय बघितलं तुमचं,” ती म्हणाली. “पाय सरळ हाईत. बाकी काय बघायचं असतंय?”

आमच्या भागात लग्न लागण्यापूर्वी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात. मी बेळगावात गल्लीतल्या घरात वाढलेला. घोडा हा प्राणी मला टांग्याच्या मागच्या बाजूनेच काय तो परिचित. मी सासऱ्यांना नम्रपणे विचारले, की देऊळ जवळच आहे तर चालत गेल्यास विधीला काही बाध येईल का? ते हसले आणि मला काखेत धरून वर बसवले. वाजंत्री सुरू झाली. वधूच्या मांडवासमोरून जात असता मला जाणवले, की मी हळूहळू डावीकडे कलत आहे. पण ही गोष्ट इतक्या लोकांत मोठ्याने कशी सांगावी, या विचारात मी तसाच कलत राहिलो.

तेवढ्यात मांडवातून नवरी धावत आली. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या.

“अगं ए, नवरी हायस तू! आत हो की!” तिची आत्या ओरडली.

“नवरी हाय म्हणूनच आलो. त्यो पडला तर कुणासंगं लगीन लावू?”

असे म्हणून तिने घोड्याच्या पोटाखाली हात घातला, खोगिराचा सैल पडलेला तंग दातओठ खाऊन आवळला, माझा पाय धरून रिकिबीत नीट बसवला आणि आत निघून गेली. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले होते. आमची पहिली भेट मी हीच मानतो.

मुलगी झाली, ती वाढली, आणि तिला वाढवण्याची पद्धतही तबेल्यातलीच होती. आमच्या घरात ताप पाहण्यासाठी कपाळाला हात लावण्याची चाल नव्हती. ही कान धरून पाही. “कान गार हाईत. ऊठ, शाळेला जा.” मुलीने पोटदुखीची कितीही सुंदर सोंगे आणली तरी कान दगा देत. एकदा तिने आंघोळीच्या गरम पाण्यात टॉवेल भिजवून कान शेकून घेतले. आईने दोन्ही कान धरले, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “कान तापल्यात, नाक गार हाय. असलं जनावर मी अजून बघितलं न्हाय. जा शाळेला.” माझीही तपासणी अशीच होई. एक-दोन वेळा अशील बसलेले असतानाही झाली.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिचे लग्न झाले, घर शांत झाले. बेळगावातल्याच अनगोळला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे मी पेरूचे झाड लावावे म्हणत होतो. एका जत्रेत, जनावरांच्या बाजारात, हिने एक पांढरी घोडी पाहिली. घोडी तरुण होती, देखणी होती आणि कोणीही तिच्याजवळ थांबत नव्हते. माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, बरोबर होता. घोड्यांच्या बाबतीत तो वडिलांचा खरा वारस. त्याने घोडीच्या डाव्या डोळ्याखाली बोट दाखवले. तिथे केसांचा एक भोवरा होता.

“आक्का, ही नको. डोळ्याखाली भोवरा हाय. असलं जनावर दावणीला बांधलं की घरात रडारड हुतीया.”

“आमच्या घरात कोण रडतंय?” ती म्हणाली. “ह्यांना तर मोठ्यानं बोलाय बी येत न्हाय.”

पेरूच्या जागी घोडी आली.

त्यानंतरची वर्षे मला संकोचाची आणि तिला आनंदाची गेली. पन्नाशी उलटलेली बाई सलवार-कुडता घालून, ओढणी कमरेला खोचून घोडीवरून भाजी आणायला जाते, हे दृश्य अनगोळने हळूहळू मान्य केले. संध्याकाळी उद्यमबागेतले कारखाने सुटत. मोटारसायकलींचा लोंढा रस्त्यावर येई आणि त्यातून ही संथपणे वाट काढी. कामगार तिला ‘मावशी, साइड द्या’ म्हणत. ती त्यांना ‘हॉर्न वाजवू नका रं’ म्हणे. मेथीची जुडी घरी येईपर्यंत निम्मी झालेली असे. घोडी आधी कन्नड घरात वाढलेली, म्हणून तिला रागवायचे ते कन्नडमध्ये आणि लाड करायचे ते मराठीत, असा हिचा नियम. मला रागावताना तिला दोन्ही भाषा लागत.

मी या सगळ्यापासून खिडकीच्या अंतरावर राहिलो. घोडी माझ्याकडे पाही, मी वर्तमानपत्राकडे.

मग हिला मूत्रपिंडाचे दुखणे लागले. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि तिथल्या पायऱ्या चढताना ती घोडीच्याच चिंतेत असे: आज पाणी प्यायली का, खूर पाहिला का. शेवटच्या दिवसांत मी पलंगाशेजारी बसलो असता तिने हात वर करून माझा कान धरला. “तापल्यात,” ती म्हणाली. “जेवा आणि झोपा जावा.” घोडीचे काय करायचे, हे तिने मला विचारले नाही. मला विचारून उपयोग नाही, हे तिला ठाऊक असावे.

ती गेली. आणि ज्या भोवऱ्याचा सगळ्यांना विसर पडला होता, तो घराच्या मध्यभागी येऊन बसला. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याजवळ बसे आणि मग मागच्या दाराने डोकावून घोडीकडे पाही. “ह्या भोवऱ्यानंच खाल्लं तिला,” असे दबक्या आवाजात बोलले जाई. मी डॉक्टरांचे निदान सांगण्याचा प्रयत्न केला. पण माझा आवाज त्यांच्या दबक्या आवाजापेक्षाही लहान. मेव्हण्याने ठरवून टाकले, की रक्षाविसर्जन झाले की घोडी एका व्यापाऱ्याला द्यायची. भोवरा पाहून दुसरे कोणी घेणार नाही. व्यापारी घेईल आणि पुढे कुठे नेईल ते विचारायचे नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी फरशीकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्मशानात जमलो. रक्षा सावडून झाली. तिच्या आवडीचे पदार्थ पानावर मांडले: कुंदा, आंबोळी, झणझणीत आमटी, कपभर चहा. मेव्हण्याने न सांगता घोडीच्या खुराकातले भिजवलेले हरभरे आणि गूळही ठेवला. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागले. कावळा पानाला शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, असे आपण मानतो. शिवत नसेल तर इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो.

कावळा भिंतीवर बसला होता. त्याने पान पाहिले आणि मान फिरवली.

मुलगी पुढे झाली. “आई, आप्पांची काळजी करू नकोस. मी दर महिन्याला येईन.”

कावळ्याने पंख साफ केले.

मेव्हणा पुढे झाला. “आक्का, घोडीची काळजी सोड. चांगल्या मानसाकडं देतो तिला.”

कावळा उडाला आणि पलीकडच्या निलगिरीवर जाऊन बसला. जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. मेव्हण्याचा चेहरा उतरला. तो भोवऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस, कावळ्यावर न ठेवून कसे चालेल? सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

“दाजी, आता तुमीच बोला.”

जो प्रसंग मी आयुष्यभर न्यायालयात टाळला, तो स्मशानात माझ्यावर आला. मी घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे मसुदा केला. “प्रकृती साथ देईल तोवर,” मी म्हणालो, “आणि कुटुंबातील इतरांची हरकत नसल्यास, घोडीच्या पालनपोषणाची शक्य ती व्यवस्था करण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करीन.”

कावळा हलला नाही.

“दाजी, खरेदीखत करालायसा व्हय?” मेव्हणा कळवळून म्हणाला. “कावळा हाय त्यो, सब-रजिस्ट्रार न्हवं! सरळ बोला की!”

मागे कोणीतरी हसले. मुलगीही हसली आणि तिचे डोळे वाहू लागले. मला फार लाज वाटली. नंतर मी पानाकडे पाहिले. चहावर साय धरू लागली होती. साय धरलेला चहा तिला कधी चालला नाही.

“मी सांभाळतो तिला,” मी म्हणालो. “मी स्वतः. कुणाला देणार नाही.”

हे वाक्य मी एवढ्या मोठ्याने म्हणालो, की शेजारच्या विधीची माणसेही वळून पाहू लागली. कावळा खाली आला, हरभऱ्याचा दाणा उचलला आणि गेला.

या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे इथे नमूद करतो. मी बोललो तेव्हा सगळे दोन पावले मागे सरले होते आणि कावळ्याला वाट मोकळी झाली होती, एवढेच. पण शब्द दिला होता, तो इतक्या साक्षीदारांसमोर आणि एकही अट न घालता. माझ्या हातून असा दस्त पूर्वी कधी झाला नव्हता.

घोडी द्यायची नाही, असा व्यापाऱ्याला निरोप गेला. मेव्हणा घरी राहिला आणि मला शिकवू लागला. स्वतः मात्र भोवऱ्याच्या बाजूला उभा राहायचा नाही. उजवीकडूनच काय ते सांगायचा.

“मागनं जाऊ नका. म्होरनं जावा. आणि बोलत जावा. मुक्यानं गेलासा तर बुजतंय जनावर.”

बोलत जावा! मी टोपलीत गवत घेऊन उभा राहिलो आणि पुष्कळ विचारान्ती म्हणालो, “आपण जरा सरकता का?”

घोडीने कान टवकारले. मेव्हण्याने कपाळावर हात मारला. “घोडीला आवो-जावो? उद्या पान-सुपारी द्या तिला!”

पण मला दुसरे काही जमेना आणि घोडीनेही तक्रार केली नाही. ती सरकली. तेव्हापासून आमची बोलाचाल चालू आहे. सकाळी मी तिला हवामान सांगतो. पाणी ठेवताना सांगतो की पाणी ठेवत आहे. सुरुवातीला विषय संपत. मग मी तिला जुने दावे सांगू लागलो, जे मी कधी चालवले नाहीत त्यातले युक्तिवाद ऐकवू लागलो. शेजारच्या कन्नड बाईंनी कुंपणावरून विचारले, “वकीलसाहेब, घरी पाहुणे आहेत का?” हल्ली मी तिच्या मालकिणीविषयीही बोलतो. एवढे सलग मी मालकिणीशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. घोडी ऐकताना माझी बाही चावते. माझे सगळे सदरे उजव्या बाजूने आखूड झाले आहेत. संध्याकाळी आम्ही उद्यमबागेच्या रस्त्याने फिरून येतो. ती पुढे, मी दोर धरून मागोमाग. बसण्याचे धाडस अजून झालेले नाही. कामगार मलाही ‘साइड द्या’ म्हणतात. मी सरकतो.

अडचण आता वेगळीच आहे आणि हे लिहिण्याचे धाडस मी तिच्यापायी केले. मी पासष्टी ओलांडली आहे. घोडी अजून भर उमेदीत आहे. नीट ठेवली तर माझ्यामागे पुष्कळ जगेल. मुलीच्या पुण्याच्या घरात मांजरालाही परवानगी नाही. मेव्हणा भोवऱ्याला अजून भितो, हल्ली थोडा कमी. मृत्युपत्रात घोडी कोणाच्या तरी नावाने लिहिणे मला जमेल. असे कित्येक मसुदे मी इतरांसाठी केले आहेत. पण तिच्याजवळ समोरून जावे आणि बोलत जावे, हे कोणत्याही कलमात घालता येत नाही. त्यासाठी माणूसच हवे. तुमच्याकडे घरामागे थोडी जागा असेल आणि बोलायला कोणी नसेल, तर माझ्यामागे तिला तुम्ही न्याल का?